पाच वर्षांची सगळी अकाउंट्स

अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न आहे: गेल्या पाच वर्षांत तुम्ही कोणकोणता सोशल मीडिया वापरलात आणि तिथे कोणत्या नावाने होतात? हा प्रश्न २०१९ पासूनचा. माझ्या आधी गेलेल्या सीनियर्सनी तिथे इन्स्टाग्राम आणि लिंक्डइन भरलं आणि पुढचं पान उघडलं. माझ्या वर्षी तसं झालं नाही. मे २०२५ च्या अखेरीस विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा मिळणं थांबलं. मग १८ जूनला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं, की एफ, एम आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाची ऑनलाइन हजेरी तपासली जाईल, त्यासाठी सगळी अकाउंट्स पब्लिक करून ठेवा. पुढच्याच आठवड्यात दिल्लीच्या दूतावासाने भारतातल्या अर्जदारांना हेच सांगितलं आणि वर बजावलं, की माहिती गाळली तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो आणि पुढचे व्हिसाही अडू शकतात.

माझ्याकडे विद्यापीठाचं प्रवेशाचं आय-२० हे पत्र आलं होतं, बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं होतं, परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेव्हिस या अमेरिकी यंत्रणेची ३५० डॉलर फी भरून झाली होती. सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये जलसंपदा हा विषय घेऊन एमएस करायचं होतं आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात वर्ग सुरू होणार होते. कॉलेजात ज्याला ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात तो माझा एकच होता: सातारा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी आणि बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी. अकरावीपासून मी त्यांच्याबद्दल कुठे ना कुठे टाकत आले होते. ती ठिकाणं मात्र दर वर्ष-दोन वर्षांनी बदलत गेली. फॉर्म भरताना ही सगळी वर्षं पहिल्यांदाच एका कागदावर मांडावी लागली. पुढच्या वर्षी जे जाणार आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आणि जे कुठेही जाणार नाहीत, पण ज्यांची ओळख चार-पाच ॲपवर विखुरलेली आहे, त्यांच्यासाठीही.

नुसतं आठवून यादी पूर्ण होत नाही. जीमेलमध्ये ‘वेलकम’ आणि ‘व्हेरिफाय’ हे शब्द टाकून मी जुने मेल काढले. मेलवरून खातं उघडलं असेल तर पहिल्या दिवशीचा मेल तिथे पडून असतो. गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवलेले लॉगिन बघितले. प्ले स्टोअरमध्ये पूर्वी घेतलेली पण आता फोनवर नसलेली ॲप वेगळी बघता येतात, ती चाळली. इन्स्टाग्रामच्या ‘युवर ॲक्टिव्हिटी’मध्ये अकाउंट हिस्टरी असते, तिथे मी वेळोवेळी बदललेली युजरनेम तारखांसकट मिळाली. हे फार कामाचं आहे. आपण नाव बदलतो आणि जुनं नाव विसरतो, पण फॉर्म पाच वर्षांचं विचारतो.

फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनची यादीही एकदा नीट बघा. तिच्यात वाइन आहे, जे जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं. गूगल प्लस आहे, जे एप्रिल २०१९ मध्ये मिटलं. ट्विटर आहे, ट्विटर याच नावाने. टिकटॉक आणि स्नॅपचॅट मला त्यात दिसले नाहीत. यादीत नसलेल्या ॲपसाठी लगेच पुढे वेगळा प्रश्न आहे, तिथे नाव आणि हँडल हाताने लिहायचं. अनेकांना वाटतं, ड्रॉपडाउनमध्ये नाही म्हणजे विचारलेलंच नाही. तसं समजू नका.

माझ्या यादीतली सगळ्यात जुनी नोंद टिकटॉकची. मी कोरेगाव तालुक्यातली. अकरावीची परीक्षा झाली आणि लॉकडाऊन लागला. शेतावर मोटेची जुनी विहीर आहे. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, तिच्या काठावर उभं करून मी व्हिडिओ करायला लागले. मोट कशी चालायची, धाव कशाला म्हणतात, पाणी थारोळ्यात कसं पडायचं, बैल मागे कसे सरायचे. आबा कॅमेऱ्याकडे बघायचेच नाहीत, विहिरीकडे बघून बोलायचे. लोकांना तेच आवडलं असावं. निर्बंध जरा सैल झाल्यावर चुलत्यांच्या गाडीवरून लिंबला गेले आणि बारा मोटेच्या विहिरीचा व्हिडिओ केला. अष्टकोनी, ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची ही विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असं कोरलंय. पुणे-बेंगळुरू रस्त्याने कधी जात असाल तर वाट वाकडी करून बघाच.

तो व्हिडिओ चांगला चालला आणि लगोलग, २९ जून २०२० ला, केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. देशात टिकटॉक वापरणारे तेव्हा २० कोटींच्या आसपास होते. मी त्यातली एक लहानशी. फॉलोअर गेले, खालच्या प्रतिक्रिया गेल्या. त्यात कुणीकुणी आपापल्या गावातल्या विहिरींची नावं लिहिली होती, ती गेली याचं मला आजही वाईट वाटतं. क्लिप मात्र राहिल्या. आमच्याकडे रेंज इतकी कमी होती, की मी आधी फोनच्या साध्या कॅमेऱ्यात शूट करायचे आणि रात्री गच्चीवर जाऊन अपलोड करायचे. त्यामुळे मूळ फाइली फोनमध्येच होत्या.

मी फॉर्म भरला तो जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. पाच वर्षं मागे मोजली तर टिकटॉक काही दिवसांनी बाहेर पडत होतं. तरी मी ते लिहिलं. माझं काम जिथून सुरू झालं ते गाळावं असं मला वाटलं नाही, आणि अशा फॉर्मवर तारखांच्या काठावर उभं राहण्यापेक्षा जास्तीचं सांगितलेलं बरं.

बंदीनंतरचे महिने ज्यांनी बघितलेत त्यांना ती धावपळ आठवत असेल. चिंगारी, जोश, मोज, रोज नवं नाव. इन्स्टाग्रामने ८ जुलैलाच भारतात रील्स आणली, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी इथेच सुरू केली. मी मोजवर थोडे दिवस होते, मग इन्स्टाग्रामवर आले. २०२१ च्या सुरुवातीला इन्स्टाग्रामने सांगितलं, की दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेले व्हिडिओ आम्ही पुढे ढकलणार नाही. ज्यांच्याकडे फक्त टिकटॉकवरून उतरवलेल्या प्रती होत्या त्यांचं जुनं काम तिथेच अडकलं. माझ्या ओळखीचा एक मुलगा शाहिरी करायचा, त्याने परत पहिल्यापासून सगळं रेकॉर्ड केलं.

त्याच वर्षी मी ‘कू’ या ॲपवर खातं उघडलं, कारण तिथे मराठीत लिहिणाऱ्यांना मराठीतच वाचणारे मिळत होते. पिवळ्या पक्ष्याचं ते ॲप जुलै २०२४ मध्ये बंद झालं. फॉर्मवर मी त्याचं हँडल लिहिलं. आता ते कोणाला उघडून बघता येणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण पाच वर्षांच्या आत ते होतं आणि माझं होतं.

कराडला सिव्हिलला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या वर्षी माझ्या कामाला वेगळं वळण लागलं. सर्व्हेइंग शिकवणाऱ्या सरांना मी मोठ्या उत्साहाने एक रील दाखवली. त्यांनी ती पूर्ण बघितली आणि म्हणाले, “छान आहे. मापं कुठं आहेत?” माझ्याकडे मापं नव्हती. कुणी मागितलीच नव्हती. रील बघणाऱ्याला पायऱ्यांवरून खाली जाणारा कॅमेरा हवा असतो, पायऱ्या किती आणि टप्पा किती इंचांचा हे नको असतं. सरांच्या त्या एका प्रश्नानंतर मी सुट्टीत टेप, ओळंबा आणि फील्ड बुक घेऊन जायला लागले. विहिरीचा प्लॅन, उभा छेद, दगड कोणता, चुना की कोरडी रचना, मे महिन्यात पाणी किती खाली, दिवाळीला किती वर. आबा बरोबर यायचे. ओळंबा सोडताना त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर असायचा.

ही मापं इन्स्टाग्रामवर टाकता येत नाहीत असं नाही. मी टाकलीही. प्लॅन चौकोनात बसवून टाकायचे, अष्टकोन त्यात छान भरायचा. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले आणि माझ्या सगळ्या प्लॅनच्या दोन्ही कडा पानावर कापल्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी हॅशटॅग फॉलो करायची सोय त्यांनी काढून टाकली होती. ‘बारव’ हा हॅशटॅग फॉलो करणारी काही मंडळी, त्यात नांदेडचे एक निवृत्त शिक्षक होते, ती माझ्यापर्यंत त्याच वाटेने पोचली होती. रील्सचंही तेच. आधी पंधरा सेकंद, मग तीस, मग साठ, नव्वद, २०२५ मध्ये तीन मिनिटं. प्रत्येक वेळी त्या लांबीत बसेल अशी विहीर नव्याने सांगायची. मला व्हिडिओ करायला आवडतं, आजही करते. पण मोजमापाचं काम दर सहा महिन्यांनी कुणा दुसऱ्याच्या चौकटीत कापून बसवायचं हे मला पटेना.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या, आणि त्या कुठल्याही विद्यार्थ्याला फुकटात करता येतात. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोसंग्रहात, चढवले, मुक्त परवान्याखाली, प्रत्येकाला गाव, तालुका आणि तारीख लावून. आणि गिटहब पेजेस या मोफत सेवेवर एक साधी साइट उभी केली: विहिरीमागे एक पान, प्लॅनची पीडीएफ, मापांचा तक्ता, पाण्याच्या पातळीच्या नोंदी. रंगरंगोटी काही नाही. इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, लिंक्डइन, सगळीकडे बायोमध्ये तीच एक लिंक. ॲप बदललं तरी पत्ता तोच. एमएससाठी प्राध्यापकांना मेल लिहिले तेव्हा मी हीच लिंक दिली होती. ज्या प्राध्यापिकेकडे आता मी काम करते, तिने फॉलोअर किती हे विचारलं नाही. मे आणि ऑक्टोबरमधल्या पातळ्या एकाच खुणेपासून मोजल्या आहेत का, एवढंच विचारलं.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात पर्सनल ब्रँडिंगचं एक सत्र झालं. लिंक्डइनवर रोज लिहा, इंग्रजीतच लिहा, एकच विषय धरा, हसरा फोटो लावा. लिंक्डइन उघडावं हे बरोबरच होतं. इंटर्नशिप मला तिथूनच मिळाली. पण माझ्या वर्गातल्या मुली त्या सत्रानंतर गप्प झाल्या होत्या. एरवी दगडाच्या कामाबद्दल तासभर बोलणाऱ्या, गवंड्याशी घासाघीस करणाऱ्या मुली. इंग्रजीत रोज काय लिहायचं या भीतीने त्यांनी काहीच लिहिलं नाही. मी त्यांना तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते: साइटवर केलेल्या कामाचा एक फोटो आणि त्याखाली मराठीत चार खऱ्या ओळी, एवढं पुरे आहे. ज्याला काम कळतं तो माणूस त्या ओळींवरून तुम्हाला ओळखतो. मी लिंक्डइनवर दोन्ही भाषांत लिहिते. मराठी पोस्टखाली मला जलसंधारण खात्यातून निवृत्त झालेले अभियंते भेटले आणि त्यांनी माझ्या तक्त्यातल्या शंका दुरुस्त केल्या.

तर यादीतली ही सगळी पानं पब्लिकच होती, त्यांचं मला ओझं नव्हतं. खरा प्रश्न उरला तो दुसऱ्या अकाउंटचा.

हॉस्टेलवरच्या आम्हा सगळ्यांचं असं एकेक अकाउंट होतं. नाव काहीतरी भलतंच, फॉलोअर म्हणजे आपल्याच मैत्रिणी आणि एक-दोन भावंडं. त्यावर मी माझ्या कामाचं काही टाकत नव्हते. रात्री दोनला केलेली मॅगी, विषय राहून केटी लागली म्हणून रडणारी मी, गौरीच्या दिवशी साडी नेसवताना गुंतलेल्या चौघीजणी, आबांचा दवाखान्यातला फोटो. हे अकाउंट म्हणजे आमच्या माजघरासारखं होतं. बाहेरच्या खोलीत आलेल्या पाहुण्याने तिथवर येऊ नये एवढीच अपेक्षा. आणि आता ते उघडं करायचं होतं.

व्हिसाचं काम बघणाऱ्या सल्लागाराने फोनवर एका वाक्यात सांगितलं, “डिलीट करून टाक, लिहूच नको.” मी हे केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. डिलीट केलं तरी पाच वर्षांत ते वापरलं होतं ही गोष्ट बदलत नाही, म्हणजे फॉर्मवर लिहावंच लागतं. न लिहिणं म्हणजे सही करून खोटं बोलणं. मी त्याचं हँडल लिहिलं. पब्लिकही करायचं ठरवलं.

पण त्यातले फोटो एकट्या माझे नव्हते. माझ्या रूममेटच्या घरी तिचा फोटो नेटवर असलेला चालत नाही. दुसरीचं लग्न ठरत होतं. मी एकेकीला फोन केला. रूममेट म्हणाली, “अगं, व्हिसा तुझा, मग माझा फोटो का बघायचा त्यांनी?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ज्या पोस्टमध्ये दुसऱ्या कुणाचा चेहरा होता त्या सगळ्या मी आर्काइव्हमध्ये टाकल्या. आर्काइव्ह केलं की पोस्ट पुसली जात नाही, फक्त लोकांना दिसत नाही. विचारलंच असतं तर मी हे असंच सांगितलं असतं: माझं अकाउंट मी उघडं केलं आहे, माझ्या मैत्रिणींचे चेहरे उघडे करायचा हक्क मला नाही. मॅगी, केटी, आबा राहिले. आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “राहू दे की, मी काय चोरी केलीय?”

पब्लिक करण्याआधी लटकलेल्या फॉलो रिक्वेस्ट नाकारल्या, मेसेज कोण पाठवू शकतं त्याची सेटिंग आवळली, जुन्या फोटोंवरची ठिकाणं काढली. तरीही आठवड्याच्या आत अनोळखी पुरुषांचे मेसेज यायला लागलेच. मुलींनी हे आधीच धरून चाला आणि घरी एखाद्या माणसाला सांगून ठेवा. माझ्या आईने त्या दिवसांत माझा फोन स्वतःकडे घेतला आणि ब्लॉक करायचं काम तिने केलं.

एक्सवर एक वेगळाच पेच होता. माझ्या आजीचं माहेर शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पाण्याखाली गेलं. धरणग्रस्तांपैकी ज्यांना अजून हक्काची जमीन मिळालेली नाही त्यांच्याबद्दल मी लिहीत असते. त्यांच्या आंदोलनाचे फोटोही टाकले होते. सल्लागाराचं म्हणणं, आंदोलन हा शब्दच नको, काढ सगळं. दोन रात्री आई-बाबांशी बोलले. बाबांना भीती वाटत होती आणि ती भीती खरी होती. कर्ज त्यांच्या नावावर होतं, जमीन तारण होती. मी सगळ्या पोस्ट परत वाचल्या. त्यात एकही वाक्य असं नव्हतं जे मी परक्या माणसासमोर मोठ्याने म्हणू शकले नसते. मी पाणी शिकायला चालले होते. पाण्यासाठी ज्यांनी गाव सोडलं त्यांच्याबद्दलचं लिखाण पुसून मी कुठल्या तोंडाने शिकणार होते? आजी शेवटी बाबांना म्हणाली, “तिचं खरं हाय, ऱ्हाऊ दे.” राहिलं. मी हे प्रत्येकाने करावं असं म्हणत नाही. ज्याच्या घरात एकच कमावता आहे आणि ज्याचं सगळं या एका तारखेवर टांगलंय, त्याने पोस्ट काढल्या तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

बायोमेट्रिक्स आणि मुलाखत, दोन्ही मुंबईला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत फोन नेता येत नाही, म्हणून सगळे कागद छापून न्यावे लागतात. मी जाताना साइटवरच्या दोन विहिरींचे प्लॅनही फाइलीत ठेवले होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं: हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार, पदवीच्या काळात काय केलं. मी विहिरींचं सांगितलं. सोशल मीडियाबद्दल एक शब्द निघाला नाही. मुलाखत काही मिनिटांत संपली आणि हातात २२१(जी)ची चिठ्ठी आली: तपासणी बाकी आहे, अकाउंट्स पब्लिक ठेवा.

इथे एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. ही चिठ्ठी मिळाल्यावर व्हिसाच्या स्थितीच्या संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ असं दिसतं. तपासणी चालू असताना तसंच दिसतं, तो शेवटचा नकार नसतो. आमच्या घरी हे आधी माहीत नव्हतं. आईने स्क्रीन बघितली आणि ती मटकन खालीच बसली. सीनियरला फोन लावून समजून घेईपर्यंत घरात कुणी जेवलं नाही.

वाट बघण्याच्या त्या काळात आणखी एक बदल झालेला होता. १० जुलैपासून इन्स्टाग्रामच्या पब्लिक प्रोफेशनल अकाउंटवरच्या पोस्ट गूगलसारख्या सर्च इंजिनवर दिसायला लागल्या. माझं विहिरींचं पान प्रोफेशनल होतं. माझं नाव गूगलवर टाकलं की आता रील्सही यायला लागल्या, पण त्यांच्या वर माझी साइट आणि कॉमन्सवरचे फोटो होते. मला ते बघून बरं वाटलं. कोणी तपासत असेल तर त्याला आधी मापांचे तक्ते दिसतील आणि मग बाकीचं. नको असेल त्याला इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये हे बंद करता येतं. माझ्या वर्गमित्राने बंद केलं, मी चालू ठेवलं.

ऑगस्टच्या मध्यावर ‘इश्यूड’ दिसलं. पासपोर्ट आला, विद्यापीठाने उशिरा पोचायची परवानगी दिली होती, मी आले. पोचल्यावर पहिल्या रविवारी ते दुसरं अकाउंट परत प्रायव्हेट केलं आणि प्रत्येकीला विचारून फोटो परत लावले. रूममेट म्हणाली तिचे नकोत. तिचे मी काढून तिला पाठवून दिले.

डिसेंबर २०२५ पासून नोकरीचा एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांचा एच-४ व्हिसा मागणाऱ्यांनाही अकाउंट्स पब्लिक करायला लावली आहेत. म्हणजे पदवीनंतर इथे नोकरी धरून एच-१बी व्हिसा घ्यायचा झाला तर हे सगळं मला पुन्हा करावं लागेल. म्हणून यादी मी चालू ठेवली आहे. गूगल शीटमध्ये रकाने असे: ॲपचं नाव, हँडल, जुनी हँडल आणि बदलल्याची तारीख, कोणता मेल किंवा नंबर जोडलाय, पब्लिक की प्रायव्हेट, मूळ फाइली कुठे आहेत. वर्षातून दोनदा, पाण्याच्या पातळीच्या नोंदी भरते त्याच सुमाराला, इन्स्टाग्राम आणि एक्सवरून माझा सगळा डेटा उतरवून घेते. दोन्हीकडे सेटिंगमध्ये तशी सोय आहे आणि फाइल तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ऐन गरजेच्या वेळी मागू नका.

धाकटा भाऊ यंदा अकरावीला आहे. त्याला शीटची एक रिकामी प्रत पाठवली तेव्हा म्हणाला, “ताई, मला कुठं अमेरिकेला जायचंय?” मी म्हटलं, नको जाऊस, पण भर. त्याने इन्स्टाग्राम, यूट्यूब, डिस्कॉर्ड लिहिलं आणि बुद्धिबळाच्या साइटवरचं खातंही लिहिलं, जे मला सुचलं नसतं. माझ्या मागे विहिरींच्या पातळ्या आता तोच घेतो. ओळंबा सोडायला आबा असतात. जुन्या फोनमधल्या मूळ क्लिप हार्ड डिस्कवर उतरवण्याचं काम मी त्यालाच दिलंय. २०२० चा फोल्डर झाला, २०२१ चा चालू आहे.